टेबलावर ठेवायच्या वस्तूचं वजन

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील अशी मला निम्मी खात्री आहे. फोडलंस तर आधीच सांगते, कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही, आणि मी समेटाची बोलणी करायलाही आलेली नाही. मला एक लॅपटॉप घ्यायचाय आणि तुमचं दुरुस्तीचं दुकान आहे. काम एवढंच.

पत्ता ऑफिसातल्या एकीकडून मिळाला. तिचं माहेर तुमच्याच रस्त्यावर आहे. ती म्हणाली, त्या दुकानात एक बाई डोळ्याला भिंग लावून बसते, हातातलं काम सोडत नाही आणि गिऱ्हाइकांवर खेकसते. म्हटलं, हीच ती.

फोन न करता पत्र का, तर बाबांचा फोन मागच्या वर्षी बंद पडला आणि नवा अजून पास झालेला नाही. सात-आठ बघून झाले. एकाची पाठ गुळगुळीत, एकाचं बटण सैल. तोवर घरात फोन एकच, माझा, आणि तो असतो बाबांच्या शर्टाच्या खिशात. मला कोणाशी चार शब्द बोलायचे तर बाबांच्या छातीशी तोंड नेऊनच बोलावे लागतील अशी परिस्थिती आहे.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांच्यातला तपासनीस मात्र झालेला नाही. तिथे निदान फक्त झडपा तपासायचे. चांगलीवर निळ्या खडूने बरोबरची खूण, वाईट लाल टोपलीत. घरी निळा खडू कधी डब्यातून बाहेरच निघाला नाही. पंखा, फ्रिज, मला सांगून आलेली दोन स्थळं, बाहेरगावची एक नोकरी, सगळं लाल टोपलीत. भावोजींचं तर तुला माहीतच आहे, ते टोपलीत गेले आणि त्यांच्या मागून तू दारातून गेलीस. फ्रिज शेवटी आला, कारण दूध नासायला लागलं. माझं काही नासत नव्हतं म्हणून ते राहून गेलं.

आता कामाचं. डॉक्टर लोक रोगी तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवतात. ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, ही माझी नोकरी. पायाखाली पेडल असतं, दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. काही डॉक्टर जेवता जेवता बोलतात, त्यामुळे रोग कुठला आणि घास कुठला हे कळावं लागतं. मला कळतं. तर आमच्या मॅडम महिनाअखेरीस ऑफिस बंद करतायत, भाडं झेपत नाही म्हणून. ज्यांच्याकडे स्वतःचं यंत्र असेल त्यांना काम नेटवरून घरी मिळेल. नसेल त्यांचं काम दुसऱ्याला जाईल.

पैसे माझेच आहेत, साठवलेले, पण फार नाहीत. नवा घेतला तर सगळ्यात खालचा येतो, दोन फायली उघडल्या की आचके देणारा. तेवढ्यातच कंपन्यांतून निघालेला वापरलेला बरा येतो असं म्हणतात. काय घेऊ ते सांग. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, महिनाअखेरपर्यंत तो पत्ता जिवंत आहे.

बाकी ठीक. तुझ्या मागेमागे फिरायची म्हणून तू ठेवलेलं नावच खाली घालते.

शेपूट

११ मार्च

ताई,

उत्तर मिळालं. चार ओळी, त्यात नमस्कारसुद्धा नाही. तरी मी ते डबा खाताना पुन्हा पुन्हा वाचलं.

तू विचारलंस, लॅपटॉपच कशाला? एका जागी बसून टायपिंगच करायचं तर तेवढ्या पैशात डेस्कटॉप दुप्पट चांगला येईल, नेणार आहेस का कुठे? बाबांनी अगदी हेच विचारलं, शब्दाला शब्द. तुम्ही दोघांनी भांडण मिटवायची गरजच नाही, तुम्ही एकच माणूस आहात.

झालं असं, की रविवारी चहा देताना मी म्हटलं, “बाबा, लॅपटॉप घ्यावा म्हणते.”

“का?”

“सोयीचा पडतो.”

“कोणाला? मान वाकवून बसावं लागतं. एक कळ मोडली की अख्खा कीबोर्ड बदला. डेस्कटॉपचा कीबोर्ड वाण्याकडून साबण आणावा तसा आणता येतो. पडदाही मोठा. बोल, तुझी बाजू काय?”

“आपलं टेबल लहान आहे.”

“टेबल मी करतो.”

आणि केलं गं. दोन दिवस गॅलरीत करवत चालली होती. मला खुर्चीत बसवून कोपराची उंची मोजली, कडा घासून गोल केल्या, मनगटाला काचू नयेत म्हणून. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलंय, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. इतकी चांगली वस्तू मला आजवर कोणी करून दिलेली नाही. तिच्यावर हात ठेवला की मला गुदमरायला होतं.

“आणि तुला तो न्यायचाय कुठे?” बाबांनी विचारलं.

“कुठे नाही. मी कुठे जाणार?”

“मग झालं तर.”

ताई, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण अर्धंच लिहिलं. काम नेटवरून येणार म्हणजे मी असेन तिथे येणार. दुसऱ्या गावात. तुमच्या दुकानाच्या माळ्यावरसुद्धा. मला इथून जायचंय. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

बाबा वाईट नाहीत. वाईट असते तर मी केव्हाच तणतणत निघाले असते, तुझ्यासारखी. ते मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडतात आणि सुटायच्या वेळी जिन्याखाली उभे असतात, ऊन असलं तर माझ्यासाठी छत्री घेऊन. बाकीच्या मुली म्हणतात, असे वडील मिळायला नशीब लागतं. मी एकतीस वर्षांची आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटी कधी गेले होते ते मला आठवत नाही. आई गेल्यावर त्यांनी आपल्या दोघींच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला. तू गेलीस तसे दोन्ही हात माझ्या खांद्यावर आले. मायेचेच आहेत, पण जड आहेत.

डेस्कटॉप आला की त्याच्याबरोबर मीही भिंतीला जोडली जाणार. कधी निघते म्हटलंच तर “आणि कामाचं काय?” एवढा एक प्रश्न पुरेल. म्हणून लॅपटॉप. खरं कारण सोडून दुसरं एखादं पटेलसं कारण सुचव. लवकर.

शेपूट

ता. क. माळ्याचं आपलं सहज लिहिलं. तिथे सामान असेल तर असू दे.

१८ मार्च

ताई,

तुझं कारण लागू पडलं. मी फक्त एवढंच म्हटलं, “डेस्कटॉपला पाच-सहा वायरी. सगळ्या तुमच्या खुर्चीखालूनच जाणार.” बाबांचा हात गुडघ्यावर गेला. मागच्या वर्षी ते इस्त्रीच्या वायरीत पाय अडकून पडले, गुडघा अजून धरतो. हे तुला मी सांगितलं नव्हतं. तू ओळखलंस कसं? की सगळीकडचे म्हातारे वायरीतच पडतात?

तर लॅपटॉपची कल्पना पास. वस्तू अजून बघायचीय, शनिवारी दुकानात जाणार आहोत.

तू लिहिलेलं सगळं पाठ केलंय. रॅम आठच्या खाली नको. जुनी हार्ड डिस्क असलेला नको, एसएसडीच हवी. कीबोर्डची कळ नीट खोल दबायला हवी. आणि बॅटरी चांगली बघ, चार तास तरी टिकणारी, कारण तुमच्याकडे दुपारी तीन-तीन तास लाइट जाते. मॅडमचा नियम आहे, घेतलेलं काम दोन तासांत परत आलं नाही तर ते काढून दुसऱ्याला देतात. म्हणजे बॅटरी नसेल तर तुमच्याकडे माझी नोकरी आठवडाभरसुद्धा टिकायची नाही. इथे लाइट कधीच जात नाही. इथे सगळं व्यवस्थित आहे.

शेवटी लिहिलंयस, “माळा झाडून घेतला आहे.” ते वाचलं आणि पेडलवरचा पाय तसाच राहिला. डॉक्टर कानात बोलत होते, बोलतच राहिले. सगळं पुन्हा ऐकावं लागलं.

एक झालं. बाबांना शंका नको म्हणून मी आपणहून म्हटलं, “बघा, तो टेबलावरून हलणारसुद्धा नाही.” जरा जास्तच बोलले का?

शेपूट

२३ मार्च

ताई,

जास्तच बोलले.

दुकान वापरलेल्या यंत्रांचं. कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप फळीवर ताटांसारखे एकावर एक रचलेले. बाबा भिंग घेऊन आले होते. प्रत्येकाची बिजागरी दहादा उघडमीट, प्रत्येक कळ दाबून बघायची, पडद्याच्या चारी कोपऱ्यांत नाक घालून ठिपके शोधायचे. मिशीवाला दुकानदार आधी हसला, मग त्याने बाबांना खुर्ची दिली, शेवटी स्वतःच खाली बसला. म्हणाला, “काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होता? मला तुमच्यासारखा माणूस पाहिजे होता.” बाबा म्हणाले, “तुमच्याकडचा अर्धा माल जाईल मग.”

मला हवा तसा सापडला. चौदा इंची, कीबोर्ड छान, तू सांगितलेलं सगळं जागच्या जागी. मी तो एका हाताने उचलून बघितला. तोंडातून निघून गेलं, “वजन किती असेल?” दुकानदार म्हणाला, “दीड किलो धरा.” मी पटकन खाली ठेवला आणि रंगाबद्दल काहीतरी बोलले.

तेवढ्यात त्या मिशीवाल्याला दया आली, आमच्या बजेटची. म्हणाला, “हाच हवा असेल तर याचा जुळा भाऊ आहे आत. सगळं सेम टू सेम, फक्त बॅटरी मेलेली. वायर लावली की पळतो, काढली की बंद. पुष्कळ कमीत देतो.”

बाबांचा चेहरा खुलला. तुला त्यांचं जुनं तत्त्व आठवत असेल. “चांगल्याचा दोष अजून कळायचाय,” ते म्हणाले, “याचा कळलेला आहे.” मग माझ्याकडे वळले. “टेबलावरून हलणार नाही म्हणालीस ना?”

माझंच वाक्य, मीच घडी घालून त्यांच्या हातात दिलेलं. मी “हो” म्हटलं.

“मग बॅटरीचे पैसे कशाला?”

वाचलेल्या पैशांत त्यांनी मला पाठीला आधार देणारी खुर्ची घेतली.

आता लॅपटॉप टेबलावर आहे. वायरीला हात लागला की मरतो. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. भांडून लॅपटॉप मिळवला आणि आणला काय, तर डेस्कटॉपच, वर पडदा लहान. रात्री अंथरुणात मी हसले आणि मग बराच वेळ हुंदके आवरत पडले, कारण पलीकडे बाबा जागे असतात.

त्यांना कळलं असेल का गं? मुद्दाम घेतला असेल का? चेहऱ्यावरून काही सांगता येत नाही. बंद झडप आणि बाबा, दोघांच्या आत काय दाब आहे ते बाहेरून कधी कळायचं नाही.

खालच्या बाजूचा मॉडेल नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. तुझ्याकडे याची चालू बॅटरी पडली असेल तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. महिना संपायच्या आत पोचायला हवी. पैसे तिथे आल्यावर देईन. बघ, “आल्यावर” लिहिलं.

शेपूट

३१ मार्च

ताई,

पार्सल आलं नाही. ऑफिसचं सामान दुपारी टेम्पोत गेलं. पेडल तेवढं मॅडमनी माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, तुझ्या पायाला सवय आहे, राहू दे. पत्ता आता मेला. यापुढे काही पाठवू नकोस, आणि माळ्यावर तुमचं सामान परत ठेवायचं असेल तर ठेव.

उद्यापासून मी बाहेरच्या खोलीत काम करणार, बाबांच्या समोर. टेबलाची उंची खरोखरच बरोबर आहे. कुठेही दुखत नाही. आता बाबांना जिन्याखाली उभं राहावं लागणार नाही, मलाही जिना उतरावा लागणार नाही.

हे पत्र टाकायला बाबाच नेतील. मी पाकिटावर मॅडमचं नाव आणि त्यांच्या घरचा पत्ता घालून आत तुझं पाकीट घातलंय. मॅडम पुढे पाठवतील. मॅडमनी कारण न विचारता हो म्हटलं. या वयात मला हे करावं लागतंय याची लाज वाटते.

शेपूट

५ एप्रिल

ताई,

पार्सल आलं. बाबांच्या हातात आलं. ऑफिसच्या इमारतीच्या वॉचमनने घरचा पत्ता घालून पुढे पाठवलं होतं. मी आत कपडे वाळत घालत होते. बाहेर आले तर बाबा माझ्या टेबलाशी बसलेले, पार्सल समोर, चष्मा कपाळावर.

“हिचं अक्षर अजून उजवीकडे पडतं,” ते म्हणाले.

तू गेल्यापासून या घरात तुझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. माझ्या हातात ओला टॉवेल तसाच, पाणी फरशीवर गळत होतं. मी मनात लाल टोपली बघितली, त्यात बॅटरी, त्यात तू, त्यात मी.

त्यांनी सुरीने पट्टी कापली. बॅटरी उजेडात फिरवून बघितली, दोन्ही बाजूंनी. लॅपटॉप उलटा केला, दोन खटके सरकवून जुनी काढली, तुझी बसवली. चार्ज व्हायला लावली. भरली तेव्हा वायर काढली आणि म्हणाले, “आता काहीतरी लाव. सतत चालणारं.”

माझ्याकडे सतत चालणारं काय असणार? एका डॉक्टरांची सरावाची लांबलचक रेकॉर्डिंग होती, गुडघ्याच्या विकारांवर. ती लावली. ताई, दुपारभर डॉक्टर गुडघ्याबद्दल बोलत होते आणि समोर बाबा आपला गुडघा चोळत घड्याळाकडे बघत बसले होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते.

शेवटी मला राहवलं नाही. “तुम्हाला कधी कळलं?”

“दुकानात. टेबलावर ठेवायच्या वस्तूचं वजन कोणी विचारत नाही.”

“मग मेलेल्या बॅटरीचा का घेतलात?”

“स्वस्त होता.” डॉक्टर सुजेबद्दल सांगत होते, ते संपेपर्यंत बाबा थांबले. “आणि तू काही म्हणतेस का, ते बघत होतो. तुझी ताई तोंडावर बोलून गेली. तू काहीच बोलली नाहीस. म्हटलं, नसेल जायचं. मला तेच पाहिजे होतं, मग मी कशाला विचारू?”

मी म्हटलं, “मला जायचंय, बाबा.”

इतकं सोपं वाक्य आहे ते. तुला पत्रात लिहिलं तेव्हा सहज लिहून झालं होतं, पण तिथे बोलताना माझा आवाज असा काही निघाला की रेकॉर्डिंगमध्ये असता तर मलासुद्धा टाइप करता आला नसता. मग मी रडले. बाबांनी जवळ घेतलं नाही, उठले नाहीत. त्यांचे डोळे घड्याळावरच होते, फक्त चष्मा पुसून घेतला, दोनदा.

संध्याकाळी डॉक्टर वाक्याच्या मध्येच बंद पडले. पडदा काळा झाला.

“साडेचार तासांच्या वर गेली,” बाबा म्हणाले. “तिकडे लाइट जात असणार. किती वेळ?”

“तीन तास. कधी जरा जास्त.”

“मग पुरेल.” बॅटरी काढून त्यांनी पुन्हा एकदा उजेडात धरली. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते, एक अक्षर इकडेतिकडे न करता. “जोडणीची टोकं पुसून पाठवलीत. सैल बसू नये म्हणून कडेला पातळ पट्टी लावलीय. हात चांगला आहे हिचा.”

मग खिशातून माझा फोन काढून टेबलावर ठेवला. “मी उद्या माझा घेऊन येतो. तो सैल बटणाचा होता ना, तो तसा बरा होता.” आणि आत गेले.

हे सगळं काल झालं. आज सकाळच्या गाडीने मी निघायचं ठरवलं होतं. कपड्यांची बॅग भरली, पेडल टॉवेलात गुंडाळलं, लॅपटॉप पिशवीत घालायला उचलला आणि हाताला काहीतरी भुकटीसारखं लागलं. उलटा केला. पोटावर निळ्या खडूने बरोबरची खूण केली होती. मोठी, ठसठशीत, जशी कारखान्यात करायचे तशी. आपण दोघी लहानपणी त्यांच्यापुढे हात पसरून उभ्या राहायचो, बाबा, आम्हाला पास करा ना, म्हणून. ते हसून म्हणायचे, अजून तपासणी चालू आहे.

सकाळची गाडी गेली. मी तो पिशवीत घालते आणि बाहेर काढते. आत घासून खूण पुसली जाईल. माझ्या अंगठ्याने एका टोकाला थोडी पुसलीच आहे. बाबा समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसलेत आणि तासाभरात त्यांनी पान उलटलेलं नाही. ते मला जा म्हणत नाहीत, राहा म्हणत नाहीत. इतकी वर्षं दार बंद होतं तेव्हा मी दाराला दोष देत होते. आता उघडं आहे आणि माझाच पाय उचलत नाही. त्यांच्यावर राग होता तेव्हा निघणं सोपं झालं असतं. तुझं तसंच झालं असेल.

मघाशी पेपराआडून विचारलं त्यांनी, “दुपारी गाडी आहे का?”

“आहे.”

“खिडकीची जागा बघ. गाडीत काम करू नकोस, बाहेर बघ.”

तर आता जाऊन तिकीट काढते. एकटी जाणार आहे, स्टेशनपर्यंत. वाटेत हे पत्र टाकते. एकच विचारायचं राहिलं. एखाद्या वस्तूवरची खडूची खूण पुसू नये म्हणून काही करता येतं का? वर काही फवारतात, चिकटवतात, तुमच्या दुकानात असं काहीतरी असेलच. आत्ता मी वर्तमानपत्राचा कागद लावून, लॅपटॉप उलटा करून मांडीवर घेऊन येणार आहे. दीड किलो आहे, अवघडणार नाही.

उत्तर पाठवू नकोस. मी येऊनच विचारते.

शेपूट